पहिलें पडणें

चालावयास शिकणारें मूल पडलें म्हणजे आपल्या घरांत एक ठरलेला उपचार होतो. कोणी तरी धांवत येतें, जमिनीवर हात आपटून "मुंगी मेली, मुंगी मेली!" म्हणतें, आणि मूल रडें विसरून मुंगी शोधूं लागतें. या दोन शब्दांत आपल्या वडील माणसांचें मोठें शहाणपण सांठविलेलें आहे. पडणें हा गुन्हा नव्हे, पडल्यावर उठावयाचें असतें, आणि पडतांना आपलें माणूस जवळ असतें, या तीन गोष्टी मुलास त्या वेळीं नकळत समजतात. पुढें तेंच मूल वीस वर्षांचें होतें, फटफटी घेतें, आणि पहिल्या दोन-चार महिन्यांत केव्हां तरी रस्त्यावर पडतें. त्या वेळीं मात्र घराची वृत्ति अगदीं पालटलेली असते. "वेगानें चालवीत असशील", "आम्ही सांगतच होतों", "उद्यांच्या उद्यां विकून टाका ती गाडी", असा चोहोंकडून मारा सुरू होतो. आरोपी एक, फिर्यादी चार, आणि साक्षीदाराचें ऐकून घेण्यास मात्र कोणीच नाहीं, असें तें न्यायालय असतें.

आजच्या लेखांत आम्हांस या पहिल्या पडण्याचाच विचार करावयाचा आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, नव्या चालकाचा पहिला लहानसा अपघात हा त्याचा पहिला खरा धडा होय. पण तो धडा त्याच्या पदरीं पडावयाचा कीं वायां जावयाचा, हें रस्त्यापेक्षां घरावर अधिक अवलंबून असतें.

प्रथम रस्ता पाहूं, मग घराकडे वळूं. मुंबईहून उत्तरेस जातांना दहिसर ओलांडलें कीं मीरा-भाईंदर हें शहर लागतें. २००२ सालीं येथें महानगरपालिका झाली. ज्या भागांत पूर्वीं भातशेती आणि मिठागरें होतीं तेथें आतां इमारतींच्या रांगा उभ्या आहेत. मीरा रोड स्टेशनच्या पूर्वेकडील बाजूस बेव्हर्ली पार्क ही वस्ती आहे. नांव साहेबी खरें, पण राहणारीं माणसें तुमच्या-आमच्यासारखींच, सकाळची गाडी गांठणारीं आणि महिन्याचा हिशेब मांडणारीं. अशा ठिकाणीं फटफटी ही चैन राहिलेली नाहीं. ठाण्यास नोकरी असली तर रेल्वेनें दादरचा वळसा पडतो. घोडबंदरच्या रस्त्यानें मात्र सरळ जातां येतें. स्टेशन, शिकवणी, दवाखाना, बाजार, सारीं कामें एका गाडीवर उरकतात. म्हणून घरांतला मुलगा किंवा मुलगी वयांत आली कीं दुचाकीचा विषय निघतोच.

परंतु येथील रस्ता नव्या माणसाशीं फारसा दयाळू नाहीं. काशीमिऱ्याच्या नाक्यावर अहमदाबादेचा महामार्ग आणि त्यावरील अवजड मालमोटारी. आंत मीरा-भाईंदर रस्त्यावर बस, रिक्षा आणि पादचारी यांची गर्दी. २०१९ सालानंतर या रस्त्यावर मेट्रोचें काम चाललें, तेव्हां कडेला लावलेले पत्रे, अरुंद झालेल्या वाटा आणि सांडलेली खडी यांची ओळख येथील प्रत्येक चालकास झाली. त्यांत मृगाची पहिली सर आली म्हणजे रस्त्यावर महिनोन्‌महिने सांचलेलें तेल आणि धूळ एकत्र होऊन असा कांहीं राब तयार होतो कीं, चालत्या माणसाचाही पाय घसरावा.

आतां अशा रस्त्यावर आपण आपलें माणूस किती तयारीनें पाठवितों तें पाहूं. गाडी घरीं येते त्या दिवशींचा थाट सर्वांच्या परिचयाचा आहे. हळद-कुंकू लागतें, झेंडूचा हार चढतो, चाकाखालीं लिंबू ठेवतात, शेजारीं पेढे जातात. यांत कांहीं वावगें नाहीं; ज्या यंत्राच्या हातीं घरचें माणूस सोंपवावयाचें त्यास नमस्कार करण्यांत कमीपणा तो कसला? पण त्या समारंभांत एक प्रश्न कोणीच विचारीत नाहीं: "तुला थांबावयास कोणीं शिकविलें?" चालवावयास शिकविणारे पुष्कळ असतात. रविवारीं सकाळीं मोकळ्या जागेंत काका किंवा थोरला भाऊ मागें बसतो. क्लच हळूहळू सोड, गिअर टाक, पाय वर घे, एवढें अर्ध्या तासांत साधतें. पुढें परवान्याच्या परीक्षेसाठीं आठाचा आकडा गिरविला जातो. तो मंद गतीनें काढावयाचा असतो. त्यानें तोल समजतो. पण ताशीं चाळीस किलोमीटर वेगांत असतां एकाएकीं कसें थांबावें, हें त्यानें समजत नाहीं.

या विषयाचा अत्यंत चिकाटीनें केलेला एक अभ्यास अमेरिकेंत झाला. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचे हॅरी हर्ट आणि त्यांचे सहकारी यांनीं लॉस एंजेलिस शहरांत मोटार-सायकलींचे नऊशें अपघात प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासले आणि पोलिसांकडील आणखी ३,६०० अपघातांचे कागद चाळले. त्यांचा अहवाल १९८१ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील कांहीं निष्कर्ष आपल्या घरांना जणूं उद्देशूनच लिहिले आहेत असें वाटतें. अपघातांत सांपडलेल्या चालकांपैकीं ९२ टक्के लोक स्वतःच शिकलेले, किंवा घरच्यांकडून वा मित्रांकडून शिकलेले होते. निम्म्याहून अधिक चालकांचा त्या विशिष्ट गाडीवरील अनुभव पांच महिन्यांहूनही कमी होता, जरी दुचाकी चालविण्याचा त्यांचा एकंदर अनुभव सुमारें तीन वर्षांचा होता. म्हणजे जुना चालकही नव्या गाडीवर नवाच असतो! आणि संकट दिसल्यापासून आदळेपर्यंत बहुतेकांस मिळालेला अवकाश दोन सेकंदांहून कमी होता. तो अहवाल जुना आहे, तो देश परका आहे. पण दोन चाकांचा तोल आणि माणसाच्या मनांतील भीति हीं लॉस एंजेलिसला जशीं होतीं तशींच बेव्हर्ली पार्कलाही आहेत.

दोन सेकंद म्हणजे किती? ताशीं चाळीस किलोमीटर वेगानें जाणारी गाडी एका सेकंदांत अकरा मीटर पुढें सरकते. डोळ्यांनीं पाहून मनानें निर्णय करीपर्यंत त्यांतला सुमारें एक सेकंद निघून जातो. उरलेल्या एका सेकंदांत हात आणि पाय जें करतील तें सवयीनें करतील. विचार करावयास तेथें सवडच नाहीं. वेग दीडपट केला, म्हणजे चाळिसाचा साठ केला, तर ब्रेक लावल्यावर थांबावयास लागणारें अंतर दीडपट न होतां सव्वादोनपट होतें. म्हणून गाडी कशी थांबवावी ही विद्या आधीं अंगवळणीं पडलेली असली पाहिजे. ती ऐन वेळीं सुचत नसते.

आणि याच बाबतींत आपलीं घरें एक चुकीची विद्या पिढ्यान्‌पिढ्या पढवीत आलीं आहेत. सायकल शिकतांना आपल्यापैकीं बहुतेकांस बजावलेलें असतें: "पुढचा ब्रेक दाबूं नकोस, उलटशील!" तोच मंत्र फटफटीवरही चालूं राहतो. वास्तविक ब्रेक लागतांच गाडीचा आणि माणसाचा भार पुढें झुकतो. पुढचें चाक रस्त्यास घट्ट धरतें आणि मागचें हलकें होतें. म्हणून गाडी थांबविण्याचें मुख्य काम पुढच्याच चाकास करावें लागतें. उजव्या पायाखालीं मागचा ब्रेक असतो. घाबरलेला चालक त्यावर सारा जोर देतो, तों हलकें झालेलें मागचें चाक जागच्या जागीं अडकतें, घसरतें आणि गाडी आडवी होते. हर्ट यांच्या अहवालांतही हेंच आढळलें: चालकांनीं मागचा ब्रेक नको तितका आणि पुढचा ब्रेक हवा त्याहून फार कमी वापरला होता. पुढचा ब्रेक एकदम आवळूं नये, हें खरें. तो प्रथम हलक्या हातानें लावून मग दाब वाढवीत न्यावा, मागच्याची साथ घ्यावी, आणि हें करतांना गाडी सरळ उभी असावी, वळणांत कललेली नसावी. ओल्या रस्त्यावर किंवा वाळूवर हीच क्रिया अधिक हलक्या हातानें करावयाची. २०१९ सालच्या एप्रिलपासून आपल्या देशांत १२५ घनसेंटीमीटरपेक्षां मोठ्या एंजिनाच्या नव्या दुचाकींस चाक अडकूं न देणारी ए.बी.एस. नांवाची योजना सक्तीची झाली आहे, आणि तिचा उपयोग मोठा आहे. तथापि हलक्या हाताची सवय कोणतेंही यंत्र आपल्या वतीनें लावून घेत नाहीं.

आतां एक कल्पित उदाहरण घेऊं. बेव्हर्ली पार्कमधील एक तरुण. गाडी घेऊन सहा आठवडे झालेले. जूनच्या दुसऱ्या आठवड्यांत संध्याकाळीं घरीं परततांना पुढची रिक्षा उतारूसाठीं एकाएकीं थांबते. याचा पाय खालीं जातो, मागचें चाक घसरतें, आणि हा डाव्या अंगावर आडवा होतो. गुडघा सोलवटतो, आरसा फुटतो, चार माणसें धांवत येऊन गाडी उचलतात. घरीं आल्यावर तो सांगतो, "रिक्षावाल्यानें मध्येंच थांबविली." वडील म्हणतात, "तूंच वेगांत असशील." दोघांचेंही म्हणणें कदाचित् खरें असेल, परंतु दोघांच्याही म्हणण्यांतून शिकण्यासारखें कांहीं निघत नाहीं. हर्ट यांनीं पाहिलेल्या अपघातांत, जेथें दुसऱ्या वाहनाशीं टक्कर झाली तेथें सुमारें दोन-तृतीयांश वेळां वाटेचा हक्क मोडणारा तो दुसराच होता. तरीही रुग्णालयांत पडला तो फटफटीवाला! दोष दुसऱ्याचा असला तरी हाड आपलें मोडतें. म्हणून दोष कोणाचा हा प्रश्न विमा कंपनीसाठीं राखून ठेवावा, आणि घरांत निराळे प्रश्न विचारावेत.

ते प्रश्न आमच्या मतें पांच आहेत. पहिला, त्या क्षणीं डोळे कोठें होते? ज्यावर नजर खिळते तिकडेच गाडी ओढली जाते, हा दुचाकीचा स्वभाव आहे. खड्ड्याकडे टक लावून पाहणारा खड्ड्यांतच जातो. सुटण्याची वाट पाहणारा सहसा सुटतो. दुसरा, पुढच्या वाहनापासून अंतर किती होतें? पुढचें वाहन रस्त्यावरील एखाद्या खांबापाशीं पोंचल्यावर आपणांस तेथें पोंचावयास निदान दोन सेकंद लागले पाहिजेत, आणि पावसांत चार. तिसरा, कोणता ब्रेक आधीं लागला आणि किती जोरानें? चौथा, चाकाखालीं काय होतें: पाणी, तेल, वाळू, गटाराचें लोखंडी झांकण, कीं पांढऱ्या पट्ट्याचा गुळगुळीत रंग? आणि पांचवा, मनांत काय होतें? उशीर झाल्याची घाई, मित्रापुढें मिरविण्याची हौस, नोकरींतला अपमान, कीं निव्वळ झोप? हे प्रश्न रागाच्या सुरांत नव्हे, तर वैद्य नाडी पाहतांना विचारतो त्या सुरांत विचारावेत. जमल्यास दुसऱ्या दिवशीं उजेडांत त्या जागीं पायीं जाऊन यावें. काल जो रस्ता 'एकाएकीं' घसरला, त्यावर आज खडीचा थर स्पष्ट दिसतो. 'एकाएकीं' हा शब्द त्या दिवशीं गळून पडला म्हणजे धडा पदरांत पडला असें समजावें.

पण हे पांच प्रश्न विचारण्याची संधि घरास मिळाली तर! येथेंच या विषयाचें खरें मर्म आहे. ज्या घरांत पडण्याची शिक्षा भयंकर असते, त्या घरांत मुलें पडल्याचें सांगत नाहींत. पँट धुवून टाकतात, आरसा परस्पर बसवून घेतात, "जिन्यांत घसरलों" म्हणून सांगतात, आणि आंतल्या खोलींत जाऊन निजतात. गुडघ्याच्या बाबतींत हें चालून जाईल. डोक्याच्या बाबतींत तें जिवावर बेततें.

ही गोष्ट प्रत्येक घरानें समजून घ्यावी अशी आहे. डोक्यास मार लागल्यावर कधीं कधीं कवटी आणि मेंदूवरील आवरण यांच्या मध्यें रक्तस्राव सुरू होतो. माणूस क्षणभर बेशुद्ध होऊन सावध होतो, किंवा बेशुद्ध होतही नाहीं. चालतो, बोलतो, जेवतो. मग कांहीं वेळानें, क्वचित् कांहीं तासांनीं, सांचलेल्या रक्ताचा दाब मेंदूवर पडूं लागतो आणि तो गुंगींत जातो. मधला तो शुद्धीचा काळच फसवा असतो. वेळेवर शस्त्रक्रिया झाली तर असा रोगी पुष्कळदां पूर्ण बरा होतो. "थकून झोंपला असेल" म्हणून सोडलेला सकाळीं उठत नाहीं. म्हणून डोकें आपटलें असल्यास निदान चोवीस तास त्या माणसास एकटें सोडूं नये. वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलटी, असंबद्ध बोलणें, वाजवीपेक्षां अधिक गुंगी, हातापायांत अशक्तपणा, झटके, नाकाकानांतून रक्त किंवा पाण्यासारखा स्राव, दोन डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसणें, यांपैकीं एकही लक्षण दिसलें तर रात्र किती झाली हें न पाहतां रुग्णालय गांठावें. महाराष्ट्रांत १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. आतां विचार करा: ज्या मुलानें पडल्याचेंच सांगितलेलें नाहीं, त्याच्या उशाशीं रात्रीं कोण बसणार? आमच्या मतें घरच्या रागाची ही सर्वांत महाग किंमत आहे.

डोक्याचा विषय निघाला आहे तर शिरस्त्राणाचा, म्हणजे नेहमींच्या बोलण्यांतल्या हेल्मेटचा, जन्म कसा झाला तें सांगणें अप्रस्तुत होणार नाहीं. कारण ती गोष्टही एका अपघातापासून शिकण्याचीच आहे. १९३५ सालच्या मे महिन्याच्या १३ तारखेस इंग्लंडांत डॉर्सेट परगण्यांत 'अरबस्तानचे लॉरेन्स' म्हणून प्रसिद्ध असलेले टी. ई. लॉरेन्स सायकलवरील दोन मुलांस चुकवितांना आपल्या मोटार-सायकलवरून फेंकले गेले. डोक्यावर कांहीं नव्हतें. सहा दिवसांनीं, १९ तारखेस, त्यांचा अंत झाला. त्यांना पाहण्यास ज्या तज्ज्ञांस बोलाविलें होतें त्यांत मेंदूवरील शस्त्रक्रिया करणारे ह्यू केर्न्स हे होते. अशा घटनेनंतर हळहळून स्वस्थ बसणारे पुष्कळ. केर्न्स यांनीं आंकडे गोळा करण्यास आरंभ केला. १९४१ सालीं त्यांनीं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें लेख लिहून दाखविलें कीं, महायुद्धाच्या पहिल्या एकवीस महिन्यांत मोटार-सायकलवरील २,२७९ माणसें रस्त्यावर मृत्यु पावलीं होतीं, आणि डोक्याची इजा हें त्यांतील मोठें कारण होतें. शिरस्त्राण घातलेले जखमी त्यांना पाहावयास मिळाले अवघे सात, आणि त्या सातांपैकीं एकही दगावला नव्हता. त्याच वर्षीं ब्रिटिश लष्करानें आपल्या मोटार-सायकलस्वारांस शिरस्त्राण सक्तीचें केलें. सर्वसामान्य नागरिकांसाठीं मात्र तो कायदा होण्यास १९७३ साल उजाडलें. शहाणपण शोधून काढावयास सहा वर्षें आणि तें लोकांच्या गळीं उतरावयास बत्तीस!

आपल्याकडे स्थिति काय आहे? केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं देशांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें दगावलीं. त्यांपैकीं ७४,८९७ दुचाकीवरचीं होतीं. शिरस्त्राण न घातलेलीं ५०,०२९. आणि त्यांत १४,३३७ मागें बसलेलीं. या शेवटच्या आंकड्यावर गृहिणींनीं आणि वडील मंडळींनीं क्षणभर थांबावें. आपल्याकडे चालविणारा शिरस्त्राण घालतो तो बहुधा पोलिसाच्या भयानें. मागें बसलेली बहीण, आई, मावशी उघड्या डोक्यानें बसते, जणूं रस्ता फक्त पुढच्याच माणसास लागतो. कायद्यानें तें चारांहून अधिक वय असलेल्या प्रत्येकास आवश्यक आहे.

बेव्हर्ली पार्कपासून फार दूर नसलेल्या जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर २८ जुलै २०१५ रोजीं जें घडलें तें मुंबईकरांस ठाऊक आहे. पाण्यानें भरलेल्या खड्ड्यांत दुचाकी आपटून दोघे भाऊ फेंकले गेले. चालविणाऱ्याच्या डोक्यावर शिरस्त्राण होतें, तो वांचला. मागें बसलेल्या सोळा वर्षांच्या चुलतभावाच्या डोक्यावर नव्हतें, तो गेला. त्या मुलाचे वडील दादाराव बिल्होरे, मरोळकडचे भाजीविक्रेते, यांनीं त्यानंतर मुंबईचे शेंकडों खड्डे स्वतः खडी-माती वाहून बुजविले. रस्ता नीट ठेवणें हें सरकारचें कर्तव्य होय आणि त्याचा जाब विचारलाच पाहिजे. बिल्होरे यांचें काम हा तसा जाबच आहे. परंतु तो जाब विचारला जाईपर्यंत खड्डा आपल्या जागीं असतो, आणि आपलें माणूस उद्यां सकाळीं त्याच वाटेनें जाणार असतें.

शिरस्त्राणाविषयीं दोन व्यवहाराच्या गोष्टी. तें भारतीय मानकाची खूण असलेलें घ्यावें, आणि हनुवटीखालचा पट्टा आवळून लावावा. पट्टा न लावलेलें शिरस्त्राण डोक्याच्या आधीं रस्त्यावर पोंचतें. दुसरें, एकदां जोराचा आघात सोसलेलें शिरस्त्राण पुन्हा वापरूं नये. आंतील थर चेपून आघात शोषून घेणें हेंच त्याचें काम. तें एकदांच होतें. वरून तें नव्यासारखें दिसतें, म्हणून "चांगलें आहे, धाकट्यास होईल" असें म्हणून काटकसर करण्याचा मोह होतो. ही काटकसर खोटी आहे.

आतां घराकडे शेवटचा दृष्टिक्षेप टाकूं. कारण पहिल्या अपघातांत घराचाही वांटा असतो, तो आपण सहसा मोजीत नाहीं. मुलगा वाटेंत असतां "कोठें आहेस, किती वेळ लागेल?" म्हणून दर पांच मिनिटांनीं फोन करणारी माया त्याचा एक हात आणि अर्धें लक्ष काढून घेते. "पाहुणे आले आहेत, दहा मिनिटांत श्रीखंड घेऊन ये" ही आज्ञा वीस मिनिटांच्या रस्त्यासाठीं असते. शिकाऊ परवाना असलेल्यानें शिकविणाऱ्याखेरीज कोणासही मागें बसवूं नये असा नियम असतां, "स्टेशनपर्यंत तर सोडावयाचें" म्हणून आपणच त्याच्या मागें बसतों. मागें एका अंगास बसणाऱ्या बायकांनीं पदर किंवा ओढणी आवरून घ्यावी, चाकावरील जाळी काढून टाकूं नये, हें आपणच सांगावयाचें असतें. आणि अठरा वर्षें पुरीं न झालेल्या मुलाच्या हातीं गाडी देणें हें तर कौतुक नव्हे, गुन्हा आहे. २०१९ सालच्या दुरुस्तीप्रमाणें त्याबद्दल पालकास तीन वर्षेंपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊं शकतो. रस्त्याचा हिशेब मांडतांना घराच्या या रकमाही मांडाव्या म्हणजे बेरीज बरोबर येते.

राहिला प्रश्न पुन्हा गाडीवर बसण्याचा. "पडलेल्या घोड्यावर लगेच बैस" असें कांहीं म्हणतात, कांहीं किल्लीच कुलुपांत ठेवतात. आम्हांस दोन्ही मतें अर्धवट वाटतात. आधीं शरीर तपासावें, मग गाडी तपासावी: हँडल सरळ आहे कीं वांकलें, ब्रेकची दांडी, पुढचे दांडे, टायर, दिवे. मग एखाद्या रिकाम्या, सुरक्षित जागेंत, प्रथम वीस आणि मग तीस किलोमीटरच्या वेगानें, दोन्ही ब्रेक जोडीनें लावून थांबण्याचा सराव करावा. दहा वेळां नव्हे, शंभर वेळां. घरांतल्या कोणी तरी बाजूस उभें राहून पाहावें. भीति जाते ती उपदेशानें जात नाहीं, हाताला आलेल्या खात्रीनें जाते. थोडी उरली तर ती उरूं द्यावी. तेवढी भीति रस्त्यावर उपयोगी पडते.

आणि एक न्यायाची गोष्ट. पुष्कळ घरांत मुलगा पडला तर गाडी दुरुस्तीस जाते, मुलगी पडली तर गाडी विक्रीस जाते. एकाच्या पडण्यास अनुभव म्हणावयाचें आणि दुसरीच्या पडण्यास अपात्रता, हा हिशेब कोणत्या शास्त्रांत बसतो? रस्त्यास स्त्री-पुरुष भेद ठाऊक नाहीं, ब्रेकलाही नाहीं. जी मुलगी पहिल्या अपघातानंतर नीट शिकून पुन्हा गाडीवर बसते, ती शिकवणी, नोकरी, आजारी सासूबाईंचें औषध या साऱ्यांसाठीं स्वतःच्या पायांवर उभी राहते. तिची गाडी विकतांना आपण केवळ लोखंड विकीत नसतों.

वाचकहो, पहिलें पडणें कोणास चुकत नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. तें चुकविण्याचीच खटपट आधीं करावी. परंतु तें घडलेंच, आणि देवदयेनें लहानसें घडलें, तर तें फुकट घालवूं नये. आज रात्रीं जेवणाच्या वेळीं सर्व मंडळी एकत्र असतां वडील माणसांनीं एवढेंच जाहीर करावें कीं, या घरांत गाडीवरून पडल्याचें सांगणाऱ्यास त्या दिवशीं कोणी बोलणार नाहीं. जें बोलावयाचें तें दुसऱ्या दिवशीं, चहा झाल्यावर. आणि ज्या दिवशीं कोणी दारांत येऊन "आज पडलों" म्हणेल, त्या दिवशीं गाडीची, खर्चाची, रिक्षावाल्याची चौकशी बाजूस ठेवून पहिला प्रश्न विचारावा: "डोकें आपटलें का?"